ॲम्प्लिफायरमध्ये महागडा फ्यूज: आवाज खरंच सुधारतो का?

तापीकाठ (जळगाव)
आमच्या ऐकणाऱ्या मंडळींत सध्या एकच विषय चाललाय. ॲम्प्लिफायरमधला वीस रुपयांचा काचेचा फ्यूज काढायचा आणि पाच-दहा हजारांचा ‘ऑडिओफाइल’ फ्यूज बसवायचा. बसवणारे सांगतात, तंबोऱ्याच्या जोड तारांचा नाद भरून येतो, गायकाच्या मागची जागा मोकळी होते. माझं मत स्पष्ट आहे: असं काही होत नाही. यातले बरेच जण पेन्शनमधून हौस भागवतात, म्हणून मला हे बोलावंसं वाटतं.

फ्यूज बसतो कुठे? मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटची वीज आत आली की फ्यूजमधून ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, म्हणजे वीज शिरते त्या वेटोळ्यात जाते. गाण्याचा सिग्नल त्या वाटेने जातच नाही. पुढे एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर, वीज साठवणारे मोठे कपॅसिटर, आणि तिथे साठलेल्या डीसीवर ॲम्प चालतो. २ ॲम्पिअरच्या फ्यूजचा रोध फार तर ०.१ ओहमच्या आसपास. ॲम्प अर्धा ॲम्पिअर ओढत असेल तर २३० व्होल्टमधले ०.०५ व्होल्ट त्यात पडतात. भिंतीतली दीड एमएमची तांब्याची वायर किलोमीटरला साधारण १२ ओहम. बोर्डापासून सॉकेट १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ०.३६ ओहम झाले. शिवाय मीटरजवळचा किटकॅट फ्यूज, खांबावरची ॲल्युमिनियमची तार, डीपीवरचा फ्यूज. वीज दीपनगरच्या वीज केंद्रातली असो की आणखी कुठली, एवढं सगळं ओलांडून आल्यावर शेवटच्या दोन सेंटिमीटरने तिचा स्वभाव कसा बदलेल?

सुरेल (धुळे)
भाऊ, तुम्ही सरासरी करंट धरलाय, तिथेच गणित सैल पडतं. कपॅसिटर सलग भरत नाहीत. व्होल्टेजच्या लाटेच्या (साइन वेव्हच्या) टोकाजवळ थोडा वेळ झटक्याने ओढतात, आणि तो झटका सरासरीच्या कितीतरी पट असतो. त्या क्षणी फ्यूजची बारीक तार तापते, रोध बदलतो. मी फ्यूज बदललाय आणि तबल्यातल्या बायाचा घुमारा जास्त आवरलेला ऐकलाय. माझ्या घरी येणाऱ्यांनी न विचारता तेच सांगितलं. इतक्या लोकांचे कान एकाच दिशेने चुकतात हे मला पटत नाही.

तापीकाठ
झटक्यांचं तुम्ही बरोबर सांगितलंत. पण तोच झटका प्रायमरीच्या वाइंडिंगमधूनही जातो, आणि तिथला रोध काही ओहमचा असतो. त्यापुढे फ्यूजमधला फरक राहतो किती? संध्याकाळी माझ्याकडे व्होल्टेज पाच-दहाने सहज खालीवर होतं. तेव्हा बाया सैल झाला असं कुणी म्हणत नाही.

केळीबाग (रावेर)
गावठाणाचा फीडर वेगळा झाला तिथे व्होल्टेज आता बरं असतं, ते सोडा. पण भो, माझ्या फ्यूजवर बाण आहे. उलटा बसवला की आवाज दबतो, सरळ बसवला की खुलतो. हे मी ऐकलेलं आहे, वाचलेलं नाही.

तापीकाठ
दादा, मेन्सची वीज ५० हर्ट्झची एसी, म्हणजे करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. जितका बाणाच्या दिशेने जातो तितकाच उलटा येतो.

फिटर (भुसावळ)
दुरुस्तीच्या टेबलावरून सांगतो. जुन्या ॲम्पच्या फ्यूज होल्डरच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात, स्प्रिंग ढिली असते. कुठलाही नवा फ्यूज दाबून बसवला की संपर्क घासला जातो. आधी खरखर असेल तर ती जाते, आणि श्रेय महागड्या फ्यूजला मिळतं. पट्ट्या साफ करून साधाच फ्यूज पुन्हा बसवून ऐका.

मला काळजी वेगळीच आहे. ‘एक आकडा वरचा (जास्त ॲम्पिअरचा) घ्या, आवाज मोकळा होतो’ असा सल्ला फिरतोय. तो धोक्याचा आहे. मागच्या पाटीवर टी २ए २५०व्ही लिहिलं असेल तर टी म्हणजे उशिरा उडणारा, २ ॲम्पिअर, २५० व्होल्ट. तेच घ्यायचं. काचेचा आणि वाळू भरलेला सिरॅमिक यांतही फरक आहे: शॉर्टच्या वेळी साधा काचेचा ३५ ॲम्पिअर किंवा रेटिंगच्या दहापट, यातलं जे जास्त तेवढं सुरक्षित तोडतो, जास्त क्षमतेचा सिरॅमिक १५०० ॲम्पिअरपर्यंत. कंपनीने सिरॅमिक दिला असेल तर काचेचा घालू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद पेटीत त्याहून जास्त. तापलेला फ्यूज लवकर उडतो, म्हणून लोक वरचा आकडा टाकतात. त्याऐवजी पेटीला हवा द्या. प्रमाणपत्राचा शिक्का नसलेला फ्यूज, कितीही सोनेरी असो, मी घरात लावणार नाही.

सुरेल
सुरक्षेचं सगळं मान्य, मी रेटिंग बदललेलं नाही. पण फ्यूजचा आवाजाशी संबंधच नाही हे म्हणणं टोकाचं आहे. जुन्या काही ॲम्पमध्ये स्पीकरच्या लाइनीतच फ्यूज असतो. त्याचं काय?

फिटर
तिथे तुम्ही बरोबर आहात. तिथून खरोखर सिग्नल जातो. खालच्या सुरांना तार तापते-निवते, रोध हलतो आणि विकृती मोजता येते. ८ ओहमच्या स्पीकरला ०.१ ओहम मालिकेत आला की डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरच्या हालचालीवर ॲम्पचा ताबा किती, त्याचा आकडा) ८० च्या वर जाऊच शकत नाही. पण त्यावर उपाय महागडा फ्यूज नव्हे. स्पीकरला रिलेचं (बिघाडात लाइन तोडणाऱ्या स्विचचं) संरक्षण देणारं सर्किट बसवून घ्या. मेन्सच्या फ्यूजला हा मुद्दा लावता येत नाही.

तापीकाठ
मेन्सच्या फ्यूजपुरतं एक सुचवतो. दोन्ही फ्यूज एकाच रेटिंगचे, होल्डर साफ, व्हॉल्यूमची खूण तीच, कारण किंचित मोठा आवाजही कानाला ‘चांगला’ वाटतो. दुसऱ्या खोलीत कुणीतरी नाणं उडवून ठरवायचं कुठला बसवायचा, आणि प्लग काढूनच बदलायचा. दहा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर येणं शंभरात जेमतेम एकदा घडतं.

सुरेल
दोन मिनिटांच्या धावपळीत कान थकतो. मला फरक कळतो तो सावकाश, रात्रभर राग ऐकताना.

तापीकाठ
मग एका फेरीला एक रात्र घ्या. घाई कुणालाच नाही. नऊ आले तर पुढचं सगळं तुमचं ऐकेन.

सुरेल
चालेल. फ्यूज माझा, नाणं तुमच्या माणसाचं. पण फेऱ्या संपेपर्यंत माझा फरक खोटा ठरवू नका, कारण मी तो अजूनही ऐकतो आहे.

फिटर
बदलताना प्लग काढल्यावर कपॅसिटर उतरायला थोडा वेळ द्या, आणि दोन्ही फ्यूजचा रोध आधी मोजून कागदावर लिहून ठेवा. मीटर माझा घेऊन जा. साध्या मल्टिमीटरवर इतका कमी रोध नीट दिसत नाही.