मदत हवी आहे : मुलीचे टोचून घेण्याचे वेड कसे थांबवावे?

फोंडेकरीण | सोमवार, रात्री ९.४०
माझी मुलगी १६ वर्षांची आहे आणि दहावीची परीक्षा संपल्यापासून तिला शरीरावर ठिकठिकाणी टोचून दागिने घालण्याच्या कल्पनेने झपाटले आहे. मध्यंतरी आतेबहिणीबरोबर किनाऱ्यावर गेली असता मला न विचारता तिने एक टोचून घेतलेच. आता भुवईला आणि बेंबीला टोचायचे म्हणून रोज वाद घालते आणि आरशासमोर उभी राहून नाकाला चापाची रिंग लावून बघते. रागावून झाले, समजावून झाले, मोबाईल काढून घेऊन झाले. तिचे बाबा जहाजावर असतात, ते पुढच्या महिन्यात घरी येतील. त्यापूर्वी मला यावर ठाम उपाय हवा आहे. कृपया अनुभवी पालकांनीच आणि लवकर उत्तर द्यावे.

कुळागर | सोमवार, रात्री १०.०५
ताई, कुठे टोचून घेतले आहे, किती दिवस झाले आणि सुईने टोचले की दुकानातल्या टोचायच्या बंदुकीने, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. कानाच्या पाळीला दुसरे भोक पाडले असेल तर एवढे अस्वस्थ होण्याचे कारण नाही. जिभेला पाडले असेल तर मात्र दात आणि हिरड्या सांभाळाव्या लागतील. माझ्या भाच्याच्या पुढच्या दाताचा टवका जिभेतल्या मण्यामुळेच उडाला होता.

निवृत्त शिक्षक | सोमवार, रात्री १०.३०
या वेडाला परके समजू नये, असे मला मनापासून वाटते. कर्णवेध हा आपल्या सोळा संस्कारांतील एक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात बालकाचे कान रक्षणासाठी आणि भूषणासाठी टोचावेत असे सांगून, पाळी ताणून धरल्यावर सूर्याचा प्रकाश जिथून आरपार दिसतो तिथेच सुई घालावी, असा नेमका निर्देश केलेला आहे. आपल्या आज्या कानाच्या वरच्या कडेला बुगडी घालत असत आणि पुरुष भिकबाळी घालत असत. मुलीला हे सारे सांगावे आणि आपल्या नेहमीच्या शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, नेऊन रीतसर टोचून आणावे. चोरून करण्यातली ओढ त्यामुळे निघून जाईल.

सोनेरी तार | सोमवार, रात्री १०.५०
गुरुजींशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या घरात तीन पिढ्या कान टोचण्याचे काम चालते. ‘सोनारानेच कान टोचावे’ असे जे म्हणतात ते उगीच नव्हे. स्पिरिटने पुसलेली सुई, बारीक सोन्याची तार, हलका हात आणि वर खोबरेल तेलाचे बोट, एवढ्यावर आम्ही शेकडो बाळांचे कान टोचले आहेत. हल्लीच्या दुकानांत मिळणाऱ्या कानातल्या स्वस्त खड्यांत निकेल धातू असतो आणि बऱ्याच जणांना त्यानेच खाज सुटून पाणी येते.

बार्देशची परिचारिका | सोमवार, रात्री ११.१०
निकेलविषयी आपण लिहिले ते योग्यच आहे. मात्र सुई स्पिरिटने पुसणे म्हणजे ती निर्जंतुक करणे नव्हे. सुई एकदाच वापरून टाकून देण्याची असावी आणि इतर हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखालच्या वाफेत निदान १५ मिनिटे ठेवलेली असावीत. अन्यथा हेपटायटिस बी आणि सी यांसारखे रक्तातून पसरणारे आजार होण्याची भीती राहते. आणि गुरुजी, पाळीला लागू असलेला नियम कानाच्या वरच्या भागाला लागू होत नाही. म्हणूनच कुळागर यांचा प्रश्न मीही विचारते : कुठे टोचले आहे?

सोनेरी तार | सोमवार, रात्री ११.२५
आमच्या हातून कोणाला आजार झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आम्ही कानाचा वरचा भाग टोचत नाही, हे मात्र मान्य करतो.

बार्देशची परिचारिका | सोमवार, रात्री ११.३०
हेपटायटिसची लक्षणे दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. इतक्या दिवसांनी आजारी पडलेले माणूस आपल्याकडे सांगायला येणार नाही, म्हणून ते ऐकिवात येत नाही.

रक्तदाता | मंगळवार, सकाळी ६.५०
एक महत्त्वाची गोष्ट कोणीच लिहिली नाही. शरीर टोचून घेतल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. माझ्या पुतण्याला शिबिरातून याच कारणासाठी परत पाठवले होते.

कुळागर | मंगळवार, सकाळी ७.१५
मुलगी १६ वर्षांची आहे. रक्तदान १८ पूर्ण झाल्याशिवाय करताच येत नाही.

फोंडेकरीण | मंगळवार, सकाळी ७.४०
मी विचारले एक आणि उत्तरे येत आहेत दुसरीच. उजव्या कानाच्या वरच्या कडेला एकच भोक आहे, बंदुकीने पाडलेले, आणि त्याला पंधरा दिवस झाले. मला प्रश्न त्या भोकाचा नसून पुढच्या भोकांचा आहे. कान थोडा लाल आहे, उष्णतेने असेल. हळद आणि खोबरेल तेल मी लावतेच आहे.

पणजीची वीस | मंगळवार, सकाळी ८.००
काकू, मी पालक नाही, तरीही लिहिते आहे, कारण चार वर्षांपूर्वी आपल्या मुलीच्या जागी मी होते. शाळा, शिकवणी, कपडे, केस यांतले काहीच माझ्या मनाने ठरत नव्हते आणि कानातली ती बारीकशी रिंग ही माझी स्वतःची पहिली निवड होती. आईने बंदी घातली तेव्हा मी मैत्रिणीच्या घरी शिवणाच्या सुईने दुसरे भोक पाडले. पुढे आईने एकच अट घातली : एक भोक पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्याचा विषय काढायचा नाही आणि पुढचे टोचताना ती स्वतः सोबत येणार. पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते, पण कानाच्या वरच्या भागाला सहा महिने ते वर्ष लागते आणि बेंबीलाही जवळपास तेवढेच. तेवढ्या काळात टोचायच्या जागांच्या माझ्या यादीतली अर्धी नावे मीच खोडली. बेंबी राहिली, ती मी १८ पूर्ण झाल्यावर टोचली आणि आजही मला ती आवडते.

बार्देशची परिचारिका | मंगळवार, सकाळी ८.१०
ताई, पुढच्या भोकांचे नंतर पाहू. कृपया एवढेच सांगा : फक्त वरचा भाग लाल आहे की पाळीही? हात लावल्यावर गरम लागतो का? ताप आला होता का? टोचल्यानंतर ती समुद्रात उतरली होती का?

फोंडेकरीण | मंगळवार, सकाळी ८.२५
पाळी अगदी नीट आहे. वरचा भाग तांबडा, गरम आणि जाड झाला आहे, हात लावू देत नाही, दोन रात्री त्या कुशीवर झोपलेली नाही. शनिवारी अंगात कणकण होती. टोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी ती समुद्रात पोहली होती, हे तिने आत्ता विचारल्यावर सांगितले.

बार्देशची परिचारिका | मंगळवार, सकाळी ८.३०
आजच, शक्य तर या सकाळीच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. वरचा भाग सुजलेला आणि पाळी तेवढी नीट, हीच काळजीची खूण आहे, कारण पाळीत कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारे लवचिक मऊ हाड, नसते आणि वरच्या भागात असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. तिथे जंतुसंसर्ग होऊन पू साचला की आवरण सुटते, कूर्चा मरू लागते आणि कान कायमचा आक्रसतो. बंदुकीत बोथट टोकाचा खडा जोराने आत दाबला जातो, त्यामुळे कूर्चेला इजाही अधिक होते. हा संसर्ग पुष्कळदा सुडोमोनास या जिवाणूचा असतो, जो पाण्यात आणि ओलाव्यात राहतो आणि नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकांना दाद देत नाही. म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणू नका. हळद आणि तेल बंद करा. खडा घरी काढू नका; भोक वरून मिटून पू आत अडकू शकतो. काढायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

निवृत्त शिक्षक | मंगळवार, सकाळी ९.००
वरच्या भागाचा हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. ताई, माझा सल्ला तूर्त बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

फोंडेकरीण | मंगळवार, संध्याकाळी ६.२०
सकाळीच जाऊन आलो. पू अद्याप साचलेला नाही. डॉक्टरांनी खडा काढला, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आणि गुरुवारी पुन्हा बोलावले आहे. आणखी चार दिवस थांबलो असतो तर चीर देऊन पू काढावा लागला असता, असे ते म्हणाले. तिला शनिवारपासून दुखत होते. मी रागावेन म्हणून ती बोलली नाही. ते ऐकल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. पणजीच्या मुलीने लिहिलेले मी तिला रिक्षात वाचून दाखवले. भुवईचा हट्ट तिने सोडलेला नाही, परंतु हा कान पूर्ण बरा होईपर्यंत तो विषय काढणार नाही आणि दुखले-खुपले तर मला लगेच सांगेन, असे तिने स्वतःहून कबूल केले. पुढे कधी टोचायचेच झाले तर मी तिच्यासोबत जाईन, असे मीही तिला सांगितले. तिच्या बाबांना आज रात्री फोनवर आम्ही दोघी मिळून सांगणार आहोत.

बार्देशची परिचारिका | मंगळवार, संध्याकाळी ६.४५
गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडू नका आणि सध्या तिला समुद्रात किंवा नदीत उतरू देऊ नका. थंडी वाजून ताप आला, वेदना वाढली किंवा कानाच्या कडेवर मऊ फुगवटा दिसला, तर गुरुवारची वाट न पाहता थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्या.

फोंडेकरीण | मंगळवार, संध्याकाळी ७.००
समजले. थर्मामीटर उशाशी ठेवला आहे आणि आज मी तिच्याच खोलीत झोपणार आहे.