बजेटातला पहिला पीसी: कुठे हात आखडता घेतला, कुठे सोडला?

ओळखीत कोणी ना कोणी विचारतंच, "चाळीस हजारांत कॉम्प्युटर जोडून होईल का?" होतो. पण त्या चाळिसात काय बसवायचं आणि काय पुढे ढकलायचं, यातच सगळी गंमत आहे. पार्टांच्या याद्या यूट्यूबवर ढिगाने मिळतात. दुकानदाराशी घासाघीस, घरचं वायरिंग, बाबांची परवानगी हे त्यात नसतं, म्हणून हा धागा. पहिला पीसी कधी जोडलात, पैसे कुठे वाचवले आणि कुठे मुद्दाम वाचवले नाहीत, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. २०१८, ठाणे, बजेट ३० हजार. मॉनिटर आणि कीबोर्ड जुनेच. त्या फेब्रुवारीत एएमडीचा रायझन ३ २२००जी आला होता. चार कोअर आणि आतच व्हेगा ८ ग्राफिक्स, त्यामुळे वेगळ्या कार्डाचा खर्च टळला. रॅम मात्र तेव्हा सोन्याच्या भावात होती. दुकानदार ८ जीबीची एकच स्टिक देत होता, मी ४-४च्या दोन मागितल्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन चॅनेल चालू असले की गेममध्ये फरक उघड दिसतो. "मग उद्या वाढवणार कशी?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. म्हणून स्वस्त ए३२० सोडून रॅमसाठी चार स्लॉट असलेला बी३५० मदरबोर्ड घेतला.

खरेदी लॅमिंग्टन रोडला. ग्रँट रोडला उतरायचं, कागदावर यादी घेऊन तीन-चार दुकानं फिरायची, प्रत्येक जण कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतो आणि मग हळूच विचारतो, "बिल पाहिजे का?" बिल म्हणजे १८ टक्के वर. मी घेतलं. पुढे वर्षभरात एक स्टिक गेली तेव्हा वॉरंटीसाठी वितरकाच्या काउंटरवर पहिली मागणी त्या बिलाचीच झाली.

बोर्डाचे जास्तीचे दीड-दोन हजारही वसूल झाले. २०२२मध्ये एएमडीने ३०० मालिकेच्या बोर्डांवर ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवायला परवानगी दिली. बायोस, म्हणजे बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केला आणि त्याच बोर्डात ५६००जी बसला.

आता तुम्ही लिहा.

रंकाळाकाठ

धागा आवडला. माझा २०२१चा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला. कॉलेज ऑनलाइन, त्यामुळे बाबांना नाही म्हणता येईना. तेव्हा ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता: चिपची टंचाई आणि त्यात ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम हे क्रिप्टो चलन कमावणारे मायनिंगवाले. साधं जीटीएक्स १६५० अव्वाच्या सव्वा भावात जात होतं. दुकानदार आय३-१०१००एफ गळ्यात मारू बघत होता, "सेम प्रोसेसर, स्वस्त आहे." एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. कार्ड नसेल तर स्क्रीन काळी ती काळीच! एफ नसलेला घेतला, त्यातल्या यूएचडी ६३०वर ऑटोकॅड आणि सगळी लेक्चरं निभावली.

सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने मायनिंग बंद केलं आणि जुनी कार्डं बाजारात आली. विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच मशीनवर अर्धा तास फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) चालवून आरएक्स ५८० उचललं. पंखे खडखडत होते. त्यावरून भाव पाडला आणि पंखे नंतर बदलले. एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, पहिल्याच दिवशी ५५० वॉटचा, ब्रॉन्झ दर्जाचा घेतला होता म्हणून हे जमलं. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावर ४५० लिहिलेलं असतं, पण त्यावर हे कार्ड लावायचं धाडस मी तरी केलं नसतं.

जांभा

आमचं गाव कणकवलीजवळ. माझा अनुभव पार्टांचा नाही, भिंतीतल्या सॉकेटचा आहे. मशीन जोडलं, सुरू झालं, सगळे खूश. संध्याकाळी भाचा म्हणतो, "मामा, डब्याला हात लावला की मुंग्या येतात." टेस्टर लावला तर कॅबिनेटच्या स्क्रूवर दिवा पेटला. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला एसएमपीएस परत आणा.

एसएमपीएस ठणठणीत होता. त्याच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते आणि हात लावणाऱ्याला कळतं. आमच्या घरात तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नव्हती. शोभेचं भोक.

मग मागच्या पडवीबाहेर खड्डा खणला, प्लेट, मीठ, कोळसा. जांभ्याचा दगड उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग ढेपाळतं. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. आमची आई तुळशीला घालते तेव्हा तिथेही घालते. ते काम झाल्यावर यूपीएस घेतला, ६०० व्हीएचा, वीज गेल्यावर फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता. गावाकडे जोडणार असाल तर बजेटात वायरमनची मजुरी आधी धरा.

संत्रानगरी

नागपूरकरांसाठी एकच गोष्ट. समोर काच आणि आत रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट दिसतं भारी, पण मे महिन्यात बाहेर ४५ असताना त्या काचेतून हवा जाणार कुठून? समोर जाळी असलेलं घ्या. धूळ जास्त बसते, दर महिन्याला ब्लोअर मारावा लागतो, मारा. आरजीबीचे, म्हणजे रंगीत दिव्यांचे, पैसे एसएसडीत (वेगवान डिस्कमध्ये) घाला.

टायपिस्टबाई

मी गेम खेळत नाही. डोंबिवलीत घरून डीटीपी करते. पाठ्यपुस्तकं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक. सगळे म्हणाले जोडून घे, मी जोडला नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे डेस्कटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकायला ठेवलेले, मिळतात, त्यातला आठव्या पिढीचा आय५ घेतला, विंडोजचं लायसन्स त्यातच. वर फक्त एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातली. तेवढ्या पैशात नवे पार्ट घेऊन असं मशीन बनत नाही.

तोटाही सांगते, नाहीतर मुलगा वाचून हसेल. त्या डब्याचा एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, ग्राफिक्स कार्डाला द्यायला जादा पिनच नाही. वेगळी वीज न लागणारं बुटकं कार्ड तेवढं बसतं. मुलाची गेमिंगची स्वप्नं तिथेच संपली, माझं काम चाललंय.

हडसनपलीकडे

न्यू जर्सीतून. इथे पॅटरसनला मायक्रो सेंटर हे कॉम्प्युटर पार्टांचं दुकान आहे. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम यांचा एकत्र बंडल घेतला की सुट्या भावापेक्षा बरंच स्वस्त पडतं, घासाघिशीचा प्रश्नच नाही (थोडं चुकल्यासारखं वाटतं खरं). वेगळी अडचण म्हणजे जानेवारीत हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की गालिच्यावरून चालत जाऊन दाराची कडी धरली की चटका बसतो. तशी स्थिर वीज पार्टांना मारू शकते, म्हणून लाकडी टेबलावर, अनवाणी, आणि मधून मधून प्लगला लावलेल्या एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावत जोडला. वर जांभा यांनी लिहिलंय ते अर्थिंग मात्र आधी तपासलेलं हवं.

वाचक, पिंपरी

मुलगी आर्किटेक्चरला चालली आहे. ७० हजार आहेत. रॅमचे भाव बघून गरगरायला झालं. थांबू का?

धागाकर्ता

थांबून भाव उतरतीलच याची खात्री नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीस हे सुरू झालंय. प्रवेश झाला असेल तर आत्ता १६ जीबीची एकच स्टिक घ्या, त्याच मॉडेलची दुसरी नंतर. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये चारही स्लॉट भरले की वेग उतरतो, त्यामुळे दोन स्लॉटचा बोर्डही पुरेल. कार्डही लांबवता येईल: एफ नसलेल्या रायझन ७००० प्रोसेसरांत चित्र दाखवण्यापुरतं ग्राफिक्स असतं, पहिल्या वर्षाला तेवढं बास. एसएमपीएस मात्र आत्ताच ६५०चा घ्या आणि कॉलेजात कुठलं सॉफ्टवेअर शिकवतात ते सीनियरांना विचारून इथे लिहा, मग कार्डाचं बघू.