कुकरच्या शिट्टीला घाबरणारा कुत्रा : आधी खाऊ की आधी आवाज?

नमस्कार. आमच्याकडे चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे. गेल्या पावसाळ्यात कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडून वरणाचा फवारा थेट छताला लागला, तेव्हा तो ओट्याजवळ झोपलेला होता. त्याला भाजले नाही, पण तेव्हापासून शिट्टी झाली की तो दिवाणाखाली शिरून थरथरत बसतो. पुढे शिट्टीआधीच्या फुसफुशीला घाबरू लागला आणि आता तर कुकरचे झाकण खणकले तरी पळतो.

हे अभिजात अभिसंधानच (क्लासिकल कंडिशनिंग : एका गोष्टीपाठोपाठ दुसरी आली की दुसरीची प्रतिक्रिया पहिलीलाच जडणे) आहे, फक्त रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांच्या लाळेच्या जागी इथे भीती आहे, एवढे समजत असल्यामुळे त्याच वाटेने परत फिरायचे ठरवले. शिट्टी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली आणि कुत्रा बिथरू नये म्हणून आधी उकडलेल्या चिकनचा तुकडा देऊन मग हळू आवाजात ती वाजवू लागलो. दहाव्या दिवशी भलतेच घडले : शिट्टीची भीती तशीच राहिली आणि चिकनचा स्टीलचा डबा उघडताच तो उठून बाहेरच्या खोलीत जाऊ लागला. आईच्या मते चिकन शिळे असावे. पण तोच तुकडा अंगणात नेऊन हातावर धरला, तर तो लगेच मटकावतो.

पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांना आधी मेट्रोनोमची (ठेका देणाऱ्या यंत्राची) टिकटिक ऐकू येई आणि मग खाणे मिळे. क्रम उलटला, तर जोड नीट बसत नाही. त्या हिशेबाने मी डब्यालाच धोक्याची सूचना करून ठेवले. मात्र मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली नोंदवलेल्या प्रकरणात, सशाला घाबरणारा सुमारे तीन वर्षांचा पीटर आवडीचे खात असतानाच पिंजऱ्यातला ससा खोलीत आणत आणि त्याचे खाणे थांबणार नाही इतपतच जवळ ठेवत. तिथे खाणे आधी असूनही भीती गेली. हयगय झाल्यास भीती उलट खाण्यालाच चिकटेल, असा इशाराही त्यांनी दिला होता. तो मी दुर्दैवाने नंतर वाचला.

माझे चुकले ते क्रमात की आवाजाच्या पातळीत, हे जाणकारांनी सांगावे. आता डबा आणि खाऊ दोन्ही बदलून, आधी आवाज व लगेच खाऊ अशी नव्याने सुरुवात करावी, की आधी डब्याची भीती घालवावी? शिवाय घरात कुकर रोज दोनदा लागतो. सराव सुरू असेपर्यंत त्या वेळी कुत्र्याला गच्चीवर न्यावे का?