मदत हवी आहे: स्किन ऑफ कलर सोसायटीची मेंबरशिप घेऊन खरंच काही होतं का?

अर्धीझोप

नमस्कार मंडळी. डर्मॅटॉलॉजी रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष चालू आहे, थेसिस अर्धवट, झोप त्याहून अर्धवट, आणि त्यात हे एक खूळ डोक्यात शिरलंय म्हणून विचारतेय. कोणी स्किन ऑफ कलर सोसायटीचे मेंबर आहात का? म्हणजे ती २००४ साली डॉ. सुझन टेलर यांनी अमेरिकेत सुरू केलेली, सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या आजारांवर काम करणारी. किंवा तशीच दुसरी एखादी संघटना असेल तरी चालेल, मला एकूणच कळायचंय की अशा ठिकाणी नाव घालून नक्की मिळतं काय.

खूळ शिरलं कुठून ते सांगते, जरा लांबेल. मागच्या वर्षी एका मुलीला पिंपल्ससाठी ग्लायकोलिक पील करत होते, म्हणजे सौम्य अ‍ॅसिडने त्वचेचा वरचा थर उतरवतात ते. प्रोटोकॉल पाठ होता, घड्याळ लावलं होतं, आणि पुस्तकात लिहिलंय की चेहऱ्यावर एकसारखी लाली आली की न्यूट्रलाइज करा, म्हणजे अ‍ॅसिडचं काम थांबवा. मी लालीची वाट बघत बसले. ती म्हणाली डॉक्टर जळतंय, मी पंख्याचा झोत वाढवला आणि पुन्हा गालाकडे बघत बसले, लाली काही दिसेना. दिसणार कशी, सावळ्या गालावर ती तशी उमटतच नाही. मग अचानक गालाच्या उंचवट्यावर दोन ठिकाणी पांढुरकं राखाडी दिसलं तेव्हा हात धावला अ‍ॅसिड मारणाऱ्या बायकार्बकडे, पण तोवर उशीर झालेला. दीड महिन्याने आली ती मोबाइलमध्ये आधीचा फोटो घेऊनच आली, म्हणाली पिंपल्स गेले पण हे काय बसलं? दोन्ही गालांवर बरोब्बर त्याच जागी गडद तपकिरी डाग. ते फिकट व्हायला पुढे कित्येक महिने लागले आणि प्रत्येक फॉलोअपला मला तिच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

चूक माझीच, ते मान्य आहे. पण नंतर शोधायला लागले तेव्हा कळलं की लाली हा एंडपॉइंटच, म्हणजे थांबायची खूणच, गोऱ्या त्वचेवर बघून ठरलेला आहे. मग एकेक धागा सुटत गेला. आपण रोज केसपेपरवर फिट्झपॅट्रिक टाइप ४, टाइप ५ खरडतो ना, त्वचा उन्हाला कशी वागते त्यावरून नंबर देणारी ती स्केल १९७५ साली आली तेव्हा चारच टाइप होते आणि चारही गोऱ्यांचे, पुवाचा, म्हणजे औषध देऊन अतिनील किरणांनी करायच्या उपचाराचा, डोस ठरवायला केलेली सोय होती ती. पाच आणि सहा नंबर नंतर जोडले. म्हणजे आमच्या ओपीडीतले जवळजवळ सगळे पेशंट त्या स्केलमध्ये मागाहून आलेले पाहुणे! हे वाचून मला हसावं की रडावं कळेना.

तर मैत्रीण म्हणते की आपण दिवसभर सावळी त्वचाच बघतो, आपल्याला कोण काय शिकवणार, उलट आपणच त्यांना शिकवू. गाइड सर म्हणतात आधी थेसिस. मला दोघांचंही पटतं आणि नाहीही पटत. मेंबर झाल्यावर मेंटॉर वगैरे खरंच भेटतो का, की नुसते ईमेल येत राहतात? रिसर्च ग्रँट आमच्यासारख्या नवख्यांना मिळते का? आणि खरं सांगायचं तर ही सीव्हीतली एक ओळ होऊन राहणार असेल तर मला नको, तसल्या ओळी बऱ्याच आहेत.

जुनाटॉर्च

मी बरीच वर्षं मेंबर आहे. तुझा पीलचा किस्सा वाचला आणि माझा लेझरचा आठवला, तो इथे सांगत नाही, एवढंच सांगतो की त्या काळी सावळ्या त्वचेला कमी भाजणारं १०६४ नॅनोमीटरचं एनडी यॅग लेझर हाताशी असतं तर बरं झालं असतं.

भिंतीवर लावायला सर्टिफिकेट हवं असेल तर नको घेऊस. खरी कमाई आहे ती माणसांची. उदाहरण देतो. चेहऱ्यावर आणि मानेवर राखाडी काळपट चट्टे असलेले पेशंट तुझ्याकडेही येत असतीलच. लायकेन प्लॅनस पिग्मेंटोसस, अ‍ॅशी डर्मॅटोसिस, रील्स मेलॅनोसिस, का साधा वांगच, बघून सांगता येत नाही आणि बायोप्सीचा रिपोर्टही गोलगोल येतो. मी अशा एका पेशंटला वर्षभर वांग म्हणून क्रीमं लावायला दिली. एका सेशननंतर कॉफी घेताना एका मेंबर बाईंना सहज फोटो दाखवला, त्यांनी एकच विचारलं, केसांना काय लावतात? मी कधी विचारलंच नव्हतं. परत येऊन अ‍ॅलर्जीची पॅच टेस्ट केली तर हेअर डायमधल्या पीपीडी या रसायनाला ढळढळीत पॉझिटिव्ह. डाय बंद केल्यावर चट्टे हळूहळू उतरायला लागले. आता हे पुस्तकात नव्हतं का, होतं की. पण पुस्तक आपल्याला उलटा प्रश्न विचारत नाही.

मेंटॉरशिपचं म्हणशील तर मेंबर झालं की आपोआप कोणी गळ्यात पडत नाही. वेगळा अर्ज करावा लागतो, निवड होते. ग्रँटचंही तसंच. रेसिडेन्टसाठी मेंबरशिपची वेगळी कॅटेगरी असते, अटी बदलतात म्हणून त्यांच्या साइटवर बघून घे. वार्षिक सिम्पोझियम अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीच्या मीटिंगला जोडूनच असतं, तिथे एक पोस्टर घेऊन उभी राहिलीस तर दिवसभरात जेवढे लोक तुझी चूक काढतील तेवढे एरवी वर्षभरात काढत नाहीत. हा फायदाच आहे बरं का.

शंकासूर

वाईट वाटून घेऊ नका पण कोणीतरी उलट बाजू मांडायला हवी. एक तर स्किन ऑफ कलर हा शब्दच मला खटकतो, त्यात आफ्रिकन आलं, आशियाई आलं, लॅटिनो आलं, आदिवासी आलं, सगळ्यांना एका पिशवीत कोंबलंय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या टाळूच्या मध्यापासून सुरू होणारं टक्कल, ते सीसीसीए, किंवा कुरळ्या दाढीचे आत वळणारे केस, यावर तास न् तास सेशन्स होतात. आपल्या ओपीडीत त्यातलं किती येतं? दुसरं म्हणजे कंपन्यांच्या पैशावर चालणारी सेशन्स कुठल्याही सोसायटीत असतात, तिथे डागांवरचं नवीन सीरम किती भारी हे ऐकून येणार आणि घरी येऊन तेच लिहिणार. तिसरं, रेसिडेन्सीत वेळ आहे का? माझ्या एका ज्युनियरने चार सोसायट्यांची मेंबरशिप घेतली आणि एकाही वेबिनारला लॉगिन केलं नाही.

अर्धीझोप

शंकासूर, तिसरा मुद्दा जिव्हारी लागला कारण माझ्या इनबॉक्समध्ये आत्ता अकरा न उघडलेले वेबिनार पडलेत. पण पहिल्या मुद्द्यावर एक शंका. सीसीसीए आमच्याकडे नाही दिसत, पण घट्ट वेण्या आणि ताणून बांधलेले बुचडे यांनी कपाळावरचे केस मागे सरकलेल्या बायका दिसतातच की, आणि तिथे आम्ही फक्त केस सैल बांधा म्हणून सोडून देतो. ट्रॅक्शनवर, म्हणजे अशा ताणाने केस जाण्यावर, सगळ्यात जास्त लिहिलंय कोणी, तर याच मंडळींनी. केलॉइडचंही, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणाऱ्या वणाचंही, तेच. मग पिशवी एक असली तरी त्यातलं आपलं उचलता येतं ना?

जुनाटॉर्च

येतं. आणि शंकासूर म्हणतात ते कंपन्यांचं खरं आहे, कोण पैसे देतंय ती ओळ आधी वाचायची सवय लावून घे. स्लाइड नंतर.

पिक्सेलबाबा

मी डॉक्टर नाही, स्किनचे फोटो ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे बाहेरून बोलतोय. पण या विषयात अशा संघटनांचा हात मोठा आहे असं मला तरी दिसतं. कोविडच्या पहिल्या वर्षात पायाच्या बोटांवरच्या जांभळट सुजेचे वगैरे फोटो सगळीकडे छापून येत होते, तेव्हा डॉ. जेना लेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेले फोटो मोजले, तर टाइप ५ किंवा ६ त्वचेचा एकही नव्हता. शून्य! आणि आजार मात्र त्याच लोकांना जास्त झोडपत होता. सॉफ्टवेअर शिकतं ते याच फोटोंवर. स्टॅनफर्डच्या टीमने २०२२ मध्ये ६५६ फोटोंचा डीडीआय नावाचा संच काढला, निदान बायोप्सीने पक्कं केलेलं आणि गडद त्वचा मुद्दाम घेतलेली, त्यावर तेव्हाचे नावाजलेले अल्गोरिदम चालवले तर गडद त्वचेवर ते घसरले. फक्त ६५६ फोटो हो, त्यावरून अंदाज करा की टंचाई किती आहे.

म्हणून तुमच्या मैत्रिणीला सांगा की आपणच शिकवू म्हणताय तर फोटो कुठेत तुमचे? रोज शंभर पेशंट बघायचे आणि एकही नीट फोटो ठेवायचा नाही, मग जग गोऱ्या फोटोंवरच शिकणार. मला तर वाटतं फायदा उलट्या दिशेनेही मोजा, तुम्हाला काय मिळेल हे आहेच, पण तुमच्याकडे जे पडून आहे ते जायला एक वाट मिळते. मात्र लेखी संमती घेऊन, प्रत्येक वेळी त्याच उजेडात, फ्लॅशची चमक टाळून, आणि रंग ताडायला कडेला राखाडी कार्ड धरून काढा. मोबाइल आपणहून चेहरा उजळ करतो ते सेटिंग आधी बंद करा, अर्धे फोटो त्यानेच बाद होतात.

अर्धीझोप

बापरे, ते सेटिंग माझ्या फोनवर आत्ता बघितलं, चालूच होतं. थेसिसचे सगळे फोटो याच फोनने काढलेत. आता रडते.

कोडवाली

मी पेशंट आहे, बारा वर्षं कोड आहे. तुमच्या चर्चेत नाक खुपसते कारण मेंबर होऊन डॉक्टरला काय मिळतं हे चाललंय, पण माझ्या बाजूने सांगते. पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले ते म्हणाले हे कॉस्मेटिक आहे, कशाला मनाला लावून घेताय. गोऱ्या बाईच्या हातावर कोड आलं तर हिवाळ्यात शोधावं लागतं, माझ्या हातावर ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. हा फरक त्यांना कळलाच नाही. पुढे अशाच एका सोसायटीच्या डॉक्टर शोधा यादीतून सध्याच्या डॉक्टर मॅडम मिळाल्या. त्यांनी दिवे घालवून वूड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडाखाली सगळं अंग तपासलं, डोळ्यांना न दिसणारे दोन नवीन ठिपके दाखवले आणि मग विचारलं की लोक काय म्हणतात तुम्हाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा दवाखान्यात रडले. आता हे त्या मेंबर होत्या म्हणून का मुळात माणूसच तशा, मला माहीत नाही. पण यादीत नाव नसतं तर मी पोचले नसते.

जुनाटॉर्च

ताई, नाक खुपसलंत ते बरं केलंत.

अर्धीझोप, मेंबरशिप यायची तेव्हा येईल, उद्या सकाळपासून करण्यासारखं सांगतो. माझं हे नाव उगाच नाही. लाली दिसत नाही म्हणून ती नाही असं धरायचं नाही. टॉर्च कडेने तिरपा मार, मग सूज आणि उंचवटा सावलीतून कळतो. दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी रंग ताडून बघ, सावळ्या त्वचेवर लाली जांभळट, करडी किंवा नुसतीच आणखी गडद दिसते. हाताची मागची बाजू लावून ऊब बघ, पायाच्या सेल्युलायटिसमध्ये, म्हणजे त्वचेच्या आतल्या जंतुसंसर्गात, डोळ्याआधी हाताला कळतं. पेशंटला विचार की नेहमीपेक्षा रंग बदललाय का, त्याला त्याची त्वचा आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. एक्झिमा किती गंभीर ते मोजणारा ईएएसआय स्कोअर काढताना लालीचा मार्क कमी पडतो आणि गंभीर पोरगं सौम्य म्हणून घरी जातं, तिथे सालपट, जाडी, खाजवल्याच्या खुणा याकडे जास्त बघ. आणि तळवे आणि नखं, चपला मोजे काढायला लावून, दर वेळी. गायक बॉब मार्लीचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच होता, ३६व्या वर्षी गेला माणूस. उन्हाने होणारा आजार आपल्याला कशाला होईल म्हणून हे राहून जातं, पण तळव्यावरच्या त्या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंधच नाही.

पीलला आता लालीऐवजी वेळ आणि पेशंटची जळजळ यावर थांबतेस का?

अर्धीझोप

हो सर, आता कमी टक्क्याने सुरू करते, वेळ कमी ठेवते, जळतंय म्हटलं की थांबते, दिसो न दिसो. आणि नंतर सनस्क्रीन टिंटेड देते, आयर्न ऑक्साइडवालं, कारण नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही आपल्यासारख्या त्वचेत डाग गडद होतात हे मला त्या मुलीच्या गालांनंतरच वाचायला सुचलं.

बरं, अपडेट. रेसिडेन्ट कॅटेगरीत अर्ज भरायला घेतलाय. मेंटॉरशिपचा पुढच्या वर्षी, गाइड सरांचं ऐकून, थेसिस आधी. शंकासूर, तुमच्यासाठी एक अट स्वतःला घातलीय, महिन्यातून एक सेशन पूर्ण ऐकायचं आणि तीन महिने जमलं नाही तर पुढे रिन्यू करायचं नाही. पिक्सेलबाबा, राखाडी कार्ड आलं. अर्जात मेंबर का व्हायचंय याचा एक पॅरा मागितलाय, तो असा लिहिलाय: लहानपणापासून मला त्वचारोगशास्त्राची ओढ होती. समाजातील सर्व घटकांना समान उपचार मिळावेत अशी माझी तळमळ आहे. मागच्या वर्षी एका रुग्णाच्या गालावर लाली येण्याची वाट बघत मी थांबले, ती आलीच नाही, आणि तिला माझ्या हातून डाग पडले. जमलाय का?

शंकासूर

लहानपणापासून ओढ? खरंच?

जुनाटॉर्च

पहिली दोन वाक्यं काढ. तिसऱ्यापासून पाठव.