होळीच्या कार्यक्रमाची ‘ती’ ओळ (सोसायटी ग्रुप)

देव काकू (बी-२०३): होळीच्या कार्यक्रमाची ही ओळ कुणी टाकली? गेल्या वर्षी माईकवरून काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुन्हा तेच?

मंदार (ए-४०१): काकू, त्यात एकही वाईट शब्द नाही. परत वाचा.
सभेमध्ये पेटला भारी पार्किंगचा वाद,
मागच्या रांगेत कुणीतरी सोडला हळूच पा...
...ण्याचा नळ, अन् सतरंजी झाली कायमची बाद!

देव काकू: शब्द नाही म्हणे! वाचणाऱ्याच्या तोंडात कोंबलाय तो.

शिर्के (सी-१०२): नळ कुणी सोडलाय? टाकी परत वाहतेय का?

मंदार: शिर्केसाहेब, कविता आहे.

गोखले (ए-१०३): मुद्दा एकच. लहान मुलं समोर असणार की नाही?

स्वाती (बी-५०१): ‘पाण्याची टाकी’ कर ना मंदार, शिर्केंना बरं वाटेल 😄

मंदार: नाही चालत. लपवलेला शब्द पुल्लिंगी, म्हणून ‘सोडला’. टाकी आणली की ‘सोडली’ करावं लागेल, आणि ‘सोडली’ म्हटल्याबरोबर तो शब्द डोक्यातून जातो. आडोशाला घेतलेला शब्दही पुल्लिंगीच लागतो.

स्वाती: मग ‘पडदा’? पुल्लिंगी आहे, सोडताही येतो.

मंदार: ‘प’ला काना नाही. कानावर ‘पा’च पडायला हवा, नाहीतर ‘वाद’च्या यमकाने लावलेला सापळा रिकामाच राहतो.

शिर्के: पायजमा घ्या.

मंदार: 😂 सगळीकडे बसतो, पण तो सुटला तर पहिल्यापेक्षा वाईट. शेवटी निघणारा शब्द साधाभोळा पाहिजे, म्हणजे भलतं मनात आलं याची लाज ऐकणाऱ्याला वाटते. आणि ‘वाद’चं देणं ‘बाद’ने फेडलंय, नाहीतर ओळ लंगडते.

गोखले: मुलं असणार की नाही?

नेने काका (ए-२०२): देववहिनी, हे दुखणं फार जुनं. दंडी या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यादर्श’ ग्रंथात ग्राम्य (असभ्य) दोषाला ‘या भवतः प्रिया’ हे उदाहरण दिलंय. अर्थ सोज्वळ, ‘जी आपली प्रिया’. पण पहिले दोन शब्द जोडून म्हटले की भलताच, शय्यागृहातला शब्द ऐकू येतो. त्याच्यानंतरच्या मम्मटाने तर ‘काव्यप्रकाश’ ग्रंथात अश्लील दोषाचे तीन प्रकारच केले: व्रीडा (लाज), जुगुप्सा (किळस), अमंगल. त्यातल्या जुगुप्सेचं उदाहरण कोणत्या शब्दाचं? ‘वायु’.

मंदार: काका 🙏🙏

देव काकू: म्हणजे दोषच ना? तुम्हीच म्हणालात.

नेने काका: काही प्रसंगी तोच गुण ठरतो, हेही मम्मटच सांगतो. शिवाय मंदारचा शब्द संस्कृतात अगदी सोवळा आहे, श्लोकाचा चरण. अनुष्टुभ छंदात ते चार असतात, प्रत्येकी ८ अक्षरांचे.

स्वाती: चार!! 😂😂

शिर्के: श्लोक म्हणताना लांब बसावं.

देव काकू: पुरे. नेने, वयाचा तरी विचार करा.

जोशी वहिनी (सी-३०४): ओळीपेक्षा कोडं घेऊ या का? ‘हात धरतो, दाबून घालतो, दुखतं म्हणते तरी डझनभर मागते.’ ओळखा.

देव काकू: कासार. आणि कोडं चुकलंय. कासार हात दाबतो, बांगडी सरकवतो. काचेची बांगडी दाबली तर फुटेल. ‘हात दाबतो, हळूच सरकवतो’ करा.

जोशी वहिनी: 😳

देव काकू: यात काय? कोड्यातलं प्रत्येक क्रियापद उत्तराला खरोखर लागू पडलं पाहिजे. एकही खोटं पडलं तर उरतो नुसता चावटपणा.

मंदार: मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय?

देव काकू: तुझं वेगळं.

मंदार: बरं. पण ही ओळ लिहून दाखवायची नाहीच. डोळा पुढे पळतो, नळ आधीच दिसतो. म्हणूनच ग्रुपवर ती पडली. माईकवर ‘पा’नंतर एक श्वास थांबायचं, जास्त नाही. दोन श्वास थांबलात तर पुढची रांग स्वतःच शब्द ओरडते.

गोखले: पुढच्या रांगेत मुलंच असतात. म्हणजे मुलं असणार!

सेक्रेटरी: ओळ फलकावर लिहू नये. कोडं जोशी वहिनी घेतील, देव वहिनींनी तपासल्यावर. गोखलेसाहेब, मुलांचा रंगाचा कार्यक्रम वेगळा, सकाळी. पंप उद्या ७ ऐवजी ६ वाजता सुरू होईल.

शिर्के: म्हणजे टाकी खरंच वाहतेय?