पाचिंको मशीन घरी लावायचंय

प्रश्न: दाजींनी जपानहून जुनं पाचिंको (उभ्या फळ्यावरच्या खिळ्यांमधून गोळ्या खाली खिशांत पाडायचा खेळ) आणलंय. अशोक चौकात घरी लावतोय. थेट 230 वर चालेल का? हातानं ढकलली तरी गोळी मधल्या खिशात पडेना.

उत्तर: थांबा ओ, थेट लावू नका! नवी मशीन बहुतेक 24 व्होल्ट एसीवर चालतात. मागचं लेबल वाचून ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर बोर्ड जळालाच म्हणून समजा. मशीनचा माथा किंचित मागं कलता ठेवा. आणि खिशावरचे दोन पितळी खिळे बघा. गोळी 11 मिलिमीटरची, फट तेवढीच असेल तर अडकणारच. केसभर उघडा, पण हातोडी अगदी हलकी.

दुसरं उत्तर: गोळी उडवायची मूठ सारखी फिरवू नका. डाव्या वरच्या खिळ्यांपाशी गोळी पडू लागली की तिथंच धरा.

प्रश्नकर्ता: लेबलवर 24च आहे! प्लग काढून ठेवला, उद्या ट्रान्सफॉर्मर बघतो.