‘वेस्ट’ म्हणजे कचरा? की ‘बेतणे’ चुकले?

प्रश्न : तंत्रनिकेतनात शिकवतो. पॉल अनास्टास आणि ज्युली झिमरमन यांची ग्रीन इंजिनिअरिंगची, म्हणजे पर्यावरणाला जपणाऱ्या अभियांत्रिकीची, बारा तत्त्वे (२००३) पोरांना मराठीतून सांगायची आहेत. दुसरे तत्त्व असे, की वेस्ट निस्तरत बसण्यापेक्षा ते होऊच देऊ नये. ‘कचरा’ म्हटले की पोरांच्या डोळ्यांपुढे घंटागाडी येते आणि ‘अपशिष्ट’ म्हटले की झोप. दुसरा शब्द आहे का?

– अहो सर, वर्कशॉपमध्ये कचरा कोण म्हणतो? पत्र्याचे उरते ते स्क्रॅप, माप चुकले ते रिजेक्शन. सोनाराची ‘घट’, शिंप्याच्या चिंध्या. पण हे सगळे नुकसान झाल्यानंतरचे शब्द. तुम्हाला नाम नकोच, क्रियापद घ्या : बेतणे. आई ब्लाउजपीस सतरंजीवर पसरून खडूने रेघा मारायची, बाह्या उलटसुलट ठेवून बघायची, काखेच्या तुकड्यातून पट्टी काढायची. कात्री सगळ्यात शेवटी. बेत, बेताचा, बेतणे ही एकाच घरातली माणसे : योजनाही आली आणि मर्यादाही. ‘डिझाइन’ला पुस्तकात ‘संकल्पन’ म्हणतात, त्यात ती मर्यादा कुठे आहे?

– शब्द गोड आहे, पण आज ‘कादंबरीवर बेतलेला चित्रपट’ हाच अर्थ आधी आठवतो. शिवाय जिवावरही बेततेच! आणि औषधाच्या कारखान्यात काय बेतणार? तिथे कापड नाही, पत्रा नाही.

– तिथेच तर जास्त. आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाची जुनी कृती सहा पायऱ्यांची. आत गेलेल्या अणूंच्या वजनातले ४० टक्केच औषधात उतरायचे. नंतरच्या तीन पायऱ्यांच्या कृतीत ७७ टक्के. रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१मध्ये मांडलेल्या ‘अॅटम इकॉनॉमी’चा हा ठरलेला दाखला. मी तिला ‘अणूंची काटकसर’ म्हणत असे, पण काटकसर हाती आलेले वापरताना करतात. इथे मुळात कृतीच वेगळी बेतली.

– (प्रश्नकर्ता) आज वर्गात करून पाहिले. फळ्यावर पत्रा काढला, त्यातून गोल चकत्या पाडायच्या. सरळ ओळीत मांडल्या तर साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच पत्रा कामी येतो. दुसरी ओळ अर्ध्या चकतीने सरकवून खाचेत बसवली तर, कडा सोडून, नव्वदच्या वर. यंत्र तेच, चकती पाडायची डाय (साचा) तीच. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, हे तर नेस्टिंग. बेतणे म्हणतात होय याला?” शब्द पटला. पेपरात लिहिला तर तपासणारे गुण देतील का, तेवढे कोणी सांगा.